वगाला रात्र हवी

हलगी वाजवण्याआधी शेकावी लागते. तंबूच्या मागच्या अंगाला दोन दगडांमध्ये उसाचं पाचट आणि काटक्या पेटवायच्या, कातडं जाळावर धरायचं, फिरवायचं, मध्येच बोटानं टिचकी मारून कान लावायचा. थंडीच्या रात्री दहिवर पडतं, कातडं सैलावतं, आवाज बसतो. जाळ जवळ झाला तर कातडं करपतं, लांब राहिला तर चढत नाही. किती शेकायचं हे सांगून येत नाही, बघून बघून येतं. वाळवा तालुक्यातल्या जत्रांमध्ये लहानपणी मी पुढच्या तमाशाइतकाच हा मागचा जाळ बघत बसायचो. त्या जाळापाशी फडातलंच एखादं आठ-दहा वर्षांचं पोर उकिडवं बसलेलं असायचं. काटक्या सारायचं काम त्याचं. दोन-तीन जत्रांनी तेच पोर झांज घेऊन मागच्या रांगेत उभं दिसायचं. आणखी काही वर्षांनी कानावर हात ठेवून झील धरताना दिसायचं.

तमाशाची शाळा ती एवढीच, आणि एवढी मोठी. तिला पाटी नव्हती, हजेरीपट नव्हता, सुट्टीही नव्हती. ती शाळा आता कुठं आहे, हे शोधत गेली काही वर्षं मी जत्रा फिरतो आहे.

इस्लामपूर (आताचं ईश्वरपूर) हे वाळवा तालुक्याचं ठिकाण. पुणे-बंगळूर महामार्ग सोडून पेठ नाक्याला वळलं की दोन्ही बाजूंनी ऊस सुरू होतो. बाहेरच्यांना हा भाग माहीत आहे तो साखर कारखान्यांसाठी, राजकारणासाठी आणि जुन्या लोकांना प्रतिसरकारसाठी. ते उभारणारे येडे मच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील याच तालुक्यातले. पण मराठी तमाशाचा नकाशा काढायचा झाला तर या तालुक्यातल्या दोन गावांवर बोट ठेवावंच लागेल. एक कृष्णाकाठचं रेठरे हरणाक्ष, आणि दुसरं कासेगाव-नेर्ल्याच्या बाजूचं वाटेगाव. (रेठरे म्हटलं की पुष्कळांना कऱ्हाडकडचं रेठरे बुद्रुक आठवतं. हे ते नव्हे. मीही पहिल्यांदा चुकीच्या रेठऱ्याच्या एसटीत बसलो होतो.)

रेठरे हरणाक्षला ११ नोव्हेंबर १८६६ रोजी श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांचा जन्म झाला. म्हणजे पठ्ठे बापूराव. घर ब्राह्मणाचं, हाती कुलकर्णीपण, आणि पोराचा जीव गावातल्या तमाशातल्या पोरांच्या संगतीत रमलेला. आधी त्यांना लावण्या रचून दिल्या, मग स्वतःच फडात उभा राहिला. घर सुटलं, वतन सुटलं, जात सुटली. पुढं संगमनेरकडच्या हिवरगावची पवळा त्यांच्या फडात आली आणि बापूराव-पवळा ही जोडी मुंबईपर्यंत गाजली. तोवर तमाशात बाईचं काम नाच्या पोऱ्या करायचा. फडावर उभ्या राहिलेल्या पहिल्या स्त्रियांमध्ये पवळेचं नाव घेतलं जातं. बापूरावांचा ‘मिठाराणी’ हा वग छत्रपती शाहू महाराजांसमोर झाला. २२ डिसेंबर १९४५ रोजी पुण्यात ते गेले, हलाखीत गेले.

वाटेगावला १ ऑगस्ट १९२० रोजी अण्णाभाऊ साठे जन्मले. ते शाळेत गेले ते जेमतेम दीड दिवस, हे सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. मला त्याच्या पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. शाळेनं ज्या पोराला दीड दिवसात बाहेर घालवलं, त्याला तमाशानं आत घेतलं. नात्यातल्या बापू साठ्यांच्या तमाशात अण्णाभाऊ राबले. गण कसा उचलायचा, सवाल कुठं टाकायचा, हसलेल्या माणसाला पुढच्याच वाक्यात गप्प कसं करायचं, हे सगळं तिथं शिकले. १९४४ मध्ये शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं, तेव्हा हीच विद्या कामाला आली. गणातला गणपती काढून त्यांनी मातीला आणि हुतात्म्यांना वंदन घातलं, गवळण वगळली, पण वगाचा सांगाडा हलवला नाही. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘माझी मुंबई’ हे वग गिरणगावात उभे राहिले ते वाटेगावात शिकलेल्या धड्यावर. सरकारनं तमाशाला बंदी घातली तेव्हा त्यांनी नाव बदलून ‘लोकनाट्य’ म्हटलं आणि खेळ चालू ठेवला.

वाळव्याच्या वेशीबाहेर पडलं तरी हा सांगली जिल्हा तमाशाचाच आहे. तासगाव तालुक्यातल्या सावळजच्या उमा-बाबाजींनी १८६५ च्या सुमारास ‘मोहना-बटाव’ बांधला, तो मराठीतला पहिला वग मानला जातो. म्हणजे बापूराव जन्मले त्याच्या आदल्या वर्षी. सांगलीजवळच्या कवलापूरच्या खाडे घराण्यात सातू-हिरू, मग शिवा-संभा, मग काळू-बाळू अशा पिढ्या चालल्या. लहू आणि अंकुश हे जुळे भाऊ ‘जहरी प्याला’मध्ये काळू-बाळू हवालदार होऊन असे काही गाजले की त्यांची खरी नावं लोक विसरून गेले. पलीकडं कऱ्हाडजवळच्या करवडीला विठाबाई नारायणगावकरांच्या कन्या मंगला बनसोडे यांचा फड. विटा आणि नारायणगाव ही फडांच्या सुपाऱ्या ठरण्याची ठिकाणं.

आता वग म्हणजे काय, हे थोडं उलगडून सांगायला हवं. तमाशा म्हणजे लावणी, असं हल्ली तरुण वाचकांना वाटतं आणि त्यात त्यांचा दोष नाही. त्यांना तेवढंच दाखवलं गेलं आहे. ढोलकीफडाचा तमाशा ठरलेल्या पायऱ्यांनी चढतो. आधी ढोलकी-हलगीची जुगलबंदी, मग गण, मग गवळण. गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची म्होरकी मावशी, वाटेत दाण मागायला उभा कृष्ण आणि त्याचा पेंद्या. मग बतावणी, रंगबाजी. आणि हे सगळं झाल्यावर, लहान पोरं बापांच्या मांडीवर झोपल्यावर, वग. एक पुरी कथा. राजा, प्रधान, राणी, दरोडेखोर, सावकार, आणि या सगळ्यांच्या मध्ये सोंगाड्या. संवाद, मध्येच कवन, शेवटच्या ओळीला मागच्या झीलकऱ्यांचा चढा सूर आणि एकतारी तुणतुणं. बोलणं आणि गाणं यांच्यामध्ये शिवण दिसत नाही. कोण कधी गायला लागला हे कळतच नाही. संगीत नाटक म्हणून आपण जे डोक्यावर घेतलं त्याची सुरुवात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’नं १८८० मध्ये झाली. ‘मोहना-बटाव’ त्याच्या आधीचा आहे.

वगाला वही नव्हती. वग ‘बांधायचे’. बांधणारा उस्ताद कथा सांगायचा, कवनं पाठ करून घ्यायचा, प्रवेश कुठं सुरू होतो आणि कुठं सुटतो ते सांगायचा. मधलं बोलणं नटानं उभ्या उभ्या रचायचं. समोर गाव कुठलं, पाऊस झालाय की नाही, उसाचा दर काय निघाला, गेल्या महिन्यात पंचायतीत काय भानगड झाली, हे सगळं सोंगाड्याच्या तोंडी यायचं. लहानपणी आमच्या गावच्या जत्रेत वग ऐन रंगात असताना एक म्हातारं माणूस काठी टेकत प्रेक्षकांतून वाट काढत पुढं निघालं. लोक वैतागले. सोंगाड्यानं राजाला हातानं थांबवलं आणि त्या म्हाताऱ्याकडं बघत असा मुजरा घातला, जणू प्रधानजीच दरबारात आले. राजा करणाऱ्यानं तिथल्या तिथं सिंहासनावरून उठून स्वागत केलं. म्हातारा हसत खाली बसला आणि पुढचा अर्धा तास त्या वगात त्या ‘प्रधानजीं’चा सल्ला विचारला जात राहिला. तो राजा करणाराही तितकाच तयारीचा होता, हे मला फार उशिरा समजलं. एकानं सूर दिला आणि दुसऱ्यानं तो खाली पडू दिला नाही.

ही विद्या शिकवायची कशी? फडात ती शिकवतच नसत. पोर रोज रात्री विंगेत बसून पूर्ण वग बघायचं. दसऱ्यापासून अक्षय तृतीयेपर्यंत, सुमारे सात महिने, रोज नवं गाव. तोच वग शंभर वेळा, आणि शंभर वेळा वेगळा. पहिल्या वर्षी त्याला विनोदावर हसू यायचं. दुसऱ्या वर्षी विनोद कधी येणार ते आधी कळायचं. तिसऱ्या वर्षी आज सोंगाड्यानं तो विनोद का गाळला ते कळायला लागायचं. तिथं शिक्षण सुरू झालं. मग एखाद्या रात्री शिपाई करणारा आजारी पडायचा आणि पोराच्या अंगावर झगा चढायचा.

माझ्या फिरण्यातून मला जे दिसलं ते एका वाक्यात सांगतो: तमाशातली पोरं आता पूर्ण वग बघतच नाहीत, कारण पूर्ण वग होतच नाही.

याचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. घड्याळ बघितलं की कळतं. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ध्वनिवर्धकाला मनाई केली. वर्षातले १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्याला आहे, पण ते दिवस मोठ्या सणा-उत्सवांतच संपतात. गावोगावच्या चैत्रातल्या जत्रांच्या वाट्याला काय येणार? नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. आजारी माणूस, परीक्षेला बसलेलं पोर, पहाटे भारे बांधायला उठणारी बाई यांना झोप लागतेच. पण वगाची जागा पहिल्यापासून मध्यरात्रीनंतरची. पालखी देवळात परतायला आठ वाजतात, मग नारळ फुटतो, सत्कार होतात, पुढाऱ्यांची भाषणं होतात. नऊला गण. दहाला पोलिसांची गाडी. तासाभरात तमाशा उरकायचा तर काय ठेवायचं? समोरची पोरं सिनेमाच्या गाण्यांसाठी ओरडत असतात. गाणी राहतात आणि वग जातो. पहिल्यांदा वगाची रात्र गेली, मग वगाचा प्रेक्षक गेला, आणि आता वग बांधणारे आणि उभा करणारे चालले आहेत.

पैशाचं गणितही याच बाजूला झुकतं. मोठ्या फडात शंभर-सव्वाशे माणसं असतात. ट्रक, जनरेटर, तंबू, आचारी, दिवाबत्तीवाले. कलावंतांना हंगामाआधी उचल द्यावी लागते, जशी मुकादम ऊसतोड टोळ्यांना देतो. तीच रीत, जवळजवळ तोच हंगाम. आमच्या भागात कारखान्याचं बिल जमा झालं की जत्रेची वर्गणी भरघोस होते, आणि मग यात्रा कमिटी ठरवते, तमाशा आणायचा, ऑर्केस्ट्रा आणायचा की डीजे. फडमालकानं उचल फेडायला कर्ज काढलेलं असतं. तो कमिटी म्हणेल ते करतो. २०२० मध्ये गुढीपाडवा २५ मार्चला आला, बरोबर टाळेबंदीच्या पहिल्या दिवशी. सुपाऱ्या ठरण्याचे हेच दिवस. सुपाऱ्या घ्यायला फडांच्या राहुट्या लागल्या त्या तशाच उतरल्या. पुढच्या वर्षीचा चैत्रही बंधनातच गेला. दोन हंगाम बुडाले की फडातली माणसं पांगतात. कोणी भाजीचा गाडा लावतं, कोणी शहरात पहाऱ्यावर उभं राहतं, आणि पांगलेला सोंगाड्या परत येत नाही.

आता जरा अवघड विषय. तमाशा टिकवला तो मांग, महार, कोल्हाटी, गोपाळ अशा समाजांनी. कला त्यांनी सांभाळली आणि बदनामीही त्यांच्याच वाट्याला आली. विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाले, पण अखेरचे दिवस विवंचनेत गेले. वाईच्या लावणीगायिका यमुनाबाईंना पद्मश्री मिळाली ती २०१२ मध्ये, नव्वदी उलटून गेल्यावर. अशा घरांतल्या मुली आज नर्सिंगला जातात, मुलं इस्लामपूरला इंजिनिअरिंग शिकतात. त्यांनी फडात परत यावं, कला जगवावी, असं म्हणण्याचा हक्क आपल्याला नाही. ती घरं तमाशातून बाहेर पडताहेत ही चांगली गोष्ट आहे. मग कलेचं काय? कला जातीच्या घरातून बाहेर काढून सगळ्यांची केली पाहिजे. रेठऱ्याचा कुलकर्ण्याचा पोर बाहेरून आत शिरला होता, तो दरवाजा उघडा ठेवायचा.

हे इतरत्र झालेलं आहे. केरळात कुडियाट्टम ही हजारेक वर्षांची संस्कृत नाट्यकला चाक्यार घराण्यांच्या हातात होती, देवळातल्या कूत्तंबलमबाहेर जात नव्हती. महाकवी वळ्ळत्तोळ यांनी १९३० मध्ये केरळ कलामंडलम उभं केलं. १९६५ मध्ये पैंकुळम राम चाक्यार तिथं शिकवू लागले आणि चाक्यारांच्या घराबाहेरची मुलं ती कला शिकली. शेजारच्या कर्नाटकात उडुपीला १९७१ पासून यक्षगान केंद्र आहे, शिवराम कारंतांच्या मार्गदर्शनाखाली ते वाढलं. तिथं मुलं राहतात, शिकतात, पायाला घुंगरू बांधून रोज उभी राहतात. दोन्ही ठिकाणी गुरूला पगार मिळतो आणि शिष्याच्या जेवणाची सोय असते. यापेक्षा वेगळी जादू त्यात नाही.

आपल्याकडं काहीच नाही असं नव्हे. मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे. सांस्कृतिक कार्य संचालनालय शिबिरं घेतं, ढोलकीफडाचे महोत्सव भरवतं, विठाबाईंच्या नावानं जीवनगौरव देतं. या सगळ्याबद्दल मला आदर आहे. पण शिबिरात गण शिकता येतो, गवळण बसवता येते, लावणीचे हात शिकवता येतात. वग शिकता येत नाही. पंधरा दिवसांत हलगीही शेकायला येत नाही. आणि महोत्सवातही तमाशाला दोन-अडीच तास मिळतात, म्हणजे वगाचा पुन्हा एकच प्रवेश.

संगीत नाटकाशी तुलना केली की मन खट्टू होतं. याच सांगली जिल्ह्यात विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, हरिपूरचे नाटककार देवल झाले, कृष्णाकाठच्या नागठाण्याला १८८८ मध्ये बालगंधर्व जन्मले. सांगलीला आपण नाट्यपंढरी म्हणतो. भाव्यांच्या नावानं नाट्यमंदिर आहे, दर ५ नोव्हेंबरला गौरवपदक दिलं जातं, राज्य सरकार संगीत नाटकांची वेगळी स्पर्धा घेतं. झालं ते उत्तम झालं आणि त्यामुळंच आज विशी-पंचविशीतली मुलं-मुली नाट्यगीतं गातात. नागठाणं आणि रेठरे हरणाक्ष एकाच कृष्णेच्या काठावर आहेत. एका गावच्या कलेसाठी एवढी व्यवस्था उभी राहिली आणि दुसऱ्या गावच्या कलेसाठी राहिली नाही, याचं उत्तर कलेच्या गुणवत्तेत सापडणार नाही. ते प्रेक्षागृहात कोण बसत होतं आणि मातीत कोण बसत होतं यात आहे.

माझं मागणं मोठं नाही. वाळवा तालुक्यात एक फडशाळा हवी. तिची इमारत मी मागत नाही, माणसं मागतो. पूर्ण वग ज्यांच्या अंगात आहेत अशा चार-पाच जुन्या कलावंतांना, सोंगाड्याला, ढोलकीवाल्याला, झीलकऱ्याला, मावशी करणाऱ्याला, दरमहा मानधन द्यावं आणि त्यांच्या हाताखाली कुठल्याही जातीची दहा-बारा मुलं-मुली दोन पूर्ण हंगाम सोपवावीत. त्यांनी पावसाळ्यात वग बांधावेत आणि दसऱ्यानंतर फडाबरोबर गावोगाव फिरावं. तालुक्यात साखर कारखाने आहेत, दूध संघ आहेत, शिक्षणसंस्था आहेत, इस्लामपूरला नाट्यगृह आहे. पैशाची अडचण मला खरी वाटत नाही. आणि हे करता करता म्हाताऱ्यांच्या तोंडून वग ध्वनिमुद्रित करून ठेवावेत, कवनांसकट, एकच वग दोन-तीन वेळा, म्हणजे दर वेळी काय बदललं ते पुढच्यांना ऐकता येईल.

रात्रीचा प्रश्नही सुटण्यासारखा आहे. आमच्याकडं जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशाच्या हजेऱ्या होतात, कुस्त्यांच्या आधी. देवासमोर, झाडाखाली, उजेडात. तिथं पोलिसांची गाडी येत नाही. आज हजेरीत दोन-चार गाणी उरकतात आणि फड पुढच्या गावाला निघतो. त्याच हजेरीत तीन तासांचा पुरा वग का होऊ नये? मी एका गावात कमिटीला हे सुचवलं. एक-दोघं म्हणाली, उन्हात कोण बसणार. एका वयस्क पंचांनी मात्र वहीत लिहून घेतलं. पुढच्या वर्षी त्या गावात हजेरीला वग झाला, पुरा नव्हे, दीड तासाचा. चिंचेखाली दोनएकशे माणसं बसली होती. त्यात बाया पुष्कळ होत्या. रात्रीच्या तमाशाला त्या येत नाहीत, दिवसा आल्या. फडातली तीन पोरं ढोलकीमागं बसून वग बघत होती, आणि त्यातलं एक पोर ओठ हलवत संवाद म्हणत होतं.

चैत्र जवळ आला की तुमच्याही गावचे पंच सुपारी द्यायला विट्याला किंवा नारायणगावला जातील. त्यांच्याबरोबर जा. फडमालकाशी पैशाची बोलणी होतील, गाण्यांची यादी होईल, तारीख ठरेल. उठायच्या आधी त्याला एवढंच विचारा: हजेरीला वग कोणता करणार, आणि तो पुरा करणार ना?